पाळणाघरात आजार फिरतो कसा, आणि त्याला अडवायचं कुठे

पिवळ्या रंगाचा एक प्लास्टिकचा ठोकळा. सकाळी साडेनऊला तो दहा महिन्यांच्या बाळाच्या तोंडात होता. बाळाच्या हातून तो निसटला, दीड वर्षाच्या मुलीने उचलला, गालाला लावला आणि चोखायला सुरुवात केली. तिच्याकडून तो तिसऱ्याने ओढून घेतला. रडारड झाली, मावशींनी ती मिटवली, ठोकळा खाली पडला, चौथ्याला सापडला. पावणेदहाला तो ओलाचिंब होऊन सतरंजीच्या कडेला पडला होता. पंधरा मिनिटांत चार तोंडं. त्या दिवशी मी कागद-पेन घेऊन नुसती मोजायला बसले होते, कारण मला ऐकीव माहितीवर काही बदलायचं नव्हतं.

पुण्यात पाळणाघर चालवायला लागून मला सोळा वर्षं झाली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची बावीस मुलं असतात. या सोळा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य एकच आहे: "घरी होता तेव्हा कधी शिंकलासुद्धा नाही हो, तुमच्याकडे यायला लागल्यापासून दर पंधरा दिवसांनी डॉक्टर." हे वाक्य खरं आहे. ते का खरं आहे आणि त्यातलं किती टाळता येतं, हे नीट सांगितलं तर आईबाबांची घालमेल बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे.

बाळ जन्माला येतं तेव्हा आईच्या रक्तातून मिळालेली संरक्षक प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, त्याच्या अंगात असतात. त्या महिन्यागणिक कमी होत जातात आणि साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास बऱ्याचशा संपतात. बाळाच्या स्वतःच्या अँटिबॉडी तयार व्हायला मात्र वेळ लागतो. आता दुसरी बाजू बघा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे कायद्याने मिळणारी बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. म्हणजे आईकडून मिळालेली शिदोरी संपत येते नेमकी त्याच वेळी रजाही संपते, आणि बाळ एकदम वीस मुलांच्या घोळक्यात येऊन बसतं. यात कुणाची चूक नाही. पण सहा ते अठरा महिने हा काळ सगळ्यात नाजूक असतो, तो या कारणाने.

सर्दी आणणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. एकाची ओळख झाली म्हणून दुसरा अडत नाही. घरी वाढणाऱ्या लहान मुलालाही वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होते, पाळणाघरातल्या पहिल्या वर्षात ती दहा-बारा वेळा होऊ शकते. एक सर्दी आठ-दहा दिवस, खोकला त्याच्यापुढे आणखी आठवडाभर रेंगाळतो. हिशोब केला तर पावसाळ्यात आणि थंडीत मूल "सतत आजारी" वाटणं साहजिकच आहे. अमेरिकेत टक्सन इथे मुलांना जन्मापासून तेरा वर्षांची होईपर्यंत पाहिलं गेलं, तेव्हा असं दिसलं की लहानपणी मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्दी जास्त झाली, पण शाळेच्या वयात इतरांपेक्षा कमी झाली, आणि तेराव्या वर्षापर्यंत फरक मिटला.

एवढं ऐकलं की काही पालक म्हणतात, मग होऊ द्या की, प्रतिकारशक्ती वाढेल. सर्दीपुरतं हे म्हणणं चालेल. आठ महिन्यांच्या बाळाच्या जुलाबाला, गोवराला, न्यूमोनियाला ते लावू नका. या आजारांत मूल दगावतं, आणि यांना अडवता येतं.

हाताचा रस्ता

आजार तीन वाटांनी पसरतात: शी-शूकडून तोंडाकडे, नाकातोंडाच्या ओलाव्यातून हाताकडे, आणि हवेतून. पहिल्या दोन्ही वाटा शेवटी हातावरूनच जातात. पालकांना मात्र भीती असते ती खोकल्याची आणि शिंकेची.

१९८१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये एक प्रयोग झाला. आरएसव्ही नावाचा विषाणू तान्ह्या बाळांच्या छातीत कफ साठवतो, दम लावतो. तो झालेल्या बाळांशी काही निरोगी मोठ्या माणसांचा तीन प्रकारे संबंध आणला. सात जणांनी बाळाला जवळ घेतलं, भरवलं, त्याचं सगळं केलं. दहा जणांनी बाळ खोलीत नसताना फक्त त्याच्या पाळण्याला, वस्तूंना हात लावला आणि मग तो हात स्वतःच्या नाकाला-डोळ्याला लावला. चौदा जण बाळापासून सहा फुटांच्या पलीकडे नुसते बसून राहिले. जवळ घेणाऱ्यांपैकी पाच जणांना लागण झाली. वस्तूंना हात लावणाऱ्यांपैकी चौघांना झाली. नुसतं बसलेल्यांपैकी एकालाही नाही. मी हा प्रयोग प्रत्येक नव्या मावशींना सांगते. बाळ समोर नव्हतं, तरी चौघांना लागण झाली!

हा विषाणू टेबलासारख्या कडक पृष्ठभागावर काही तास टिकतो. जुलाबाचे विषाणू तर कित्येक दिवस टिकतात, आणि लागण व्हायला त्यांचे शंभराच्या आतले कण पुरतात. जुलाब झालेल्या बाळाच्या चिमूटभर शीमध्ये असे अब्जावधी असतात. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा हात स्वच्छ नसतो, ते यामुळे.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एकामागून एक नऊ मुलांना जुलाब लागले. मला काही सुचत नव्हतं, कारण हात धुण्यात कुणी कुचराई करत नव्हतं. शेवटी मी बेसिनजवळ स्टूल टाकून बसले. मावशी डायपर बदलून आल्या, त्या हाताने नळ फिरवला, साबण लावून हात छान चोळून धुतले, आणि धुतलेल्या हाताने तोच नळ बंद केला. तिथेच तर सगळं होतं! घाण नळावर ठेवून गेलो आणि परत घेऊन आलो. त्याच नळावर थोड्या वेळाने दुसऱ्या मावशी पेज ढवळायचा डाव धूत होत्या. त्या आठवड्यात मी ऑपरेशन थिएटरबाहेर असतो तसा कोपराने चालणारा नळ बसवून घेतला, आणि डायपरचं बेसिन आणि स्वयंपाकाचं बेसिन कायमचं वेगळं केलं. ज्यांना नळ बदलणं शक्य नाही त्यांनी कागदाच्या तुकड्याने नळ बंद करावा, काम तेच होतं.

डायपर बदलण्याला एक क्रम असतो आणि तो मोडला की सगळी मेहनत वाया जाते. आधी सगळं सामान हाताशी काढून ठेवायचं, म्हणजे मध्येच कपाटाचं दार उघडायला लागत नाही. बाळाला पुढून मागे पुसायचं. खराब डायपर गुंडाळून झाकणाच्या डब्यात. मग आपले हात पुसून घ्यायचे आणि त्यानंतरच नवा डायपर घालायचा. बाळाचे हात धुवायचे. हे जवळजवळ सगळे विसरतात! पाठीवर झोपलेल्या बाळाचा हात सगळ्यात आधी खालीच जातो, आणि तिथून थेट तोंडात. मग गादीवरचं रेक्झिन पुसायचं, आणि शेवटी स्वतःचे हात साबणाने, वीस आकडे होईपर्यंत.

याचा उपयोग किती होतो? १९८१ सालीच अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात काही पाळणाघरांत हात धुण्याची शिस्त लावून बघितली, तेव्हा तिथले जुलाब जवळजवळ निम्म्याने कमी झाले. आपल्याला जास्त जवळचं उदाहरण कराचीचं आहे. तिथल्या झोपडवस्त्यांत घरोघरी साबण दिला आणि हात धुवायला शिकवलं. मुलांचे जुलाब आणि पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया, दोन्ही सुमारे निम्म्यावर आले. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आणखी एक गोष्ट कळली: महागडा जंतुनाशक साबण आणि साधा साबण यांत फरक पडला नाही. कपडे धुवायच्या वडीचा तुकडा असला तरी चालतो, चोळणं आणि वाहतं पाणी महत्त्वाचं.

कोविडपासून सॅनिटायझरची बाटली प्रत्येक टेबलावर आली. ती जुलाबाच्या साथीत फसवते. कोविड, फ्लू, आरएसव्ही या विषाणूंभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, अल्कोहोलने ते फाटतं आणि विषाणू संपतो. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस, कावीळ 'अ', आणि हातापायावर-तोंडात फोड आणणारे विषाणू यांना ते आवरणच नसतं. त्यांच्यावर अल्कोहोल फारसं चालत नाही. त्यांना चोळून सोडवायचं आणि पाण्याबरोबर वाहून लावायचं, एवढाच उपाय.

फरशीवर उलटी झाली तर ती आधी कागदाने उचलून साबणाच्या पाण्याने जागा धुवायची, मग ब्लीचचं पाणी. दुकानात मिळणारं ब्लीच साधारण ५ टक्क्यांचं असतं. एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे. दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग पुसायचं. हे पाणी रोज ताजं करायचं, मुलांना दुसऱ्या खोलीत नेऊन खिडक्या उघडून वापरायचं, आणि संडास घासायच्या ॲसिडबरोबर चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. घाणीवर थेट ओतलेलं ब्लीच घाणीतच खर्ची पडतं, म्हणून आधी धुणं आवश्यक. खेळण्यांसाठी आमच्याकडे एक निळं टोपलं आहे. तोंडात गेलेलं खेळणं उचलून थेट त्यात, आणि दुपारी मुलं झोपली की सगळी धुऊन उन्हात. तो पिवळा ठोकळाही आता रोज तिथे जातो.

फिनाईलच्या वासाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. पाळणाघर बघायला आलेले पालक दारात नाक वर करून वास घेतात, फिनाईलचा वास आला की समाधानाने मान डोलावतात. वास म्हणजे स्वच्छता नव्हे. त्यापेक्षा बेसिनपाशी जा, तिथे साबण आहे का, तो ओला आहे का, ते बघा. दुपारी बारा वाजता साबण कोरडा असेल तर सकाळपासून कुणी हात धुतलेले नाहीत.

ज्याला काही होत नाही, तोच पसरवत असतो

एखाद्या मुलाला कांजिण्या निघाल्या की पालकांच्या फोनवरच्या ग्रुपवर लगेच कुजबुज सुरू होते, "त्यांनी पाठवायलाच नको होतं." पण कांजिण्यांचं मूल अंगावर पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग देत असतं. गोवराचं मूल पुरळाच्या चार दिवस आधीपासून. त्या दिवसांत ते नुसतं थोडं किरकिरं असतं, सर्दीसारखं वाटतं. हँड-फूट-माउथ, म्हणजे हातापायावर-तोंडात फोड येण्याच्या आजारात, फोड सुकून गेल्यावरही कित्येक आठवडे शीतून विषाणू बाहेर पडत राहतो. २०२२ मध्ये केरळात कोल्लम जिल्ह्यात "टोमॅटो फ्लू" म्हणून जी घबराट झाली, ती बहुतेक डॉक्टरांच्या मते याच आजाराची एक तऱ्हा होती. लाल फोडांवरून ते नाव पडलं, टोमॅटोचा त्यात काही संबंध नव्हता.

सगळ्यात अवघड 'अ' कावीळ. आमच्याकडच्या एका मावशींना ती झाली आणि महिनाभर त्या अंथरुणाला खिळल्या. बाहेरचं पाणी प्यायल्या असतील असं सगळे म्हणत होते. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावलं की सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना ही कावीळ होते तेव्हा डोळे पिवळे होत नाहीत, काहीच कळत नाही. मूल खेळत असतं, त्याचा डायपर बदलणारी बाई मात्र आजारी पडते. पाळणाघरात मोठ्या माणसाला कावीळ झाली तर मुलांकडे बघावं लागतं, हे तेव्हा मला कळलं.

म्हणून "आजारी मूल शोधा आणि दूर ठेवा" एवढ्यावर विसंबून काही हाती लागत नाही. हात प्रत्येक वेळी धुवायचे, प्रत्येक मुलाचे, ते ठणठणीत दिसत असलं तरी. मी मावशींना सांगते, प्रत्येक डायपर जुलाबाचाच आहे असं समजा.

दूर ठेवायची वेळही असते, आणि तिथे नियम स्पष्ट हवेत. आमचे असे आहेत: ताप असेल तर औषध न देता २४ तास ताप नसल्यावर यायचं. उलट्या-जुलाब थांबून ४८ तास झाल्यावर. कांजिण्यांचा प्रत्येक फोड खपली धरल्यावर. गोवर असेल तर पुरळ आल्यापासून चार दिवस पूर्ण झाल्यावर. हँड-फूट-माउथमध्ये लाळ गळणं थांबून मूल नीट खायला लागल्यावर. नुसत्या वाहत्या नाकासाठी आम्ही घरी ठेवायला सांगत नाही, नाहीतर अर्धं पाळणाघर वर्षभर रिकामं राहील. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवं, हाही गैरसमज आहे. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो हिरवट-पिवळा होतो.

आता सकाळच्या पॅरासिटामॉलबद्दल. आठ वाजता डोस पाजून मूल आणून सोडतात. साडेआठला ते खेळतं, बारा-एकला औषध उतरतं आणि ते माझ्या मांडीवर तापाने फणफणत असतं. तोवर चार तासांत ते सगळ्यांबरोबर जेवलेलं असतं. मला पूर्वी राग यायचा. मग एका आईने सांगितलं की तिची नोकरी कंत्राटी आहे, एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला, आणि त्या महिन्यातला तो तिसरा खाडा झाला असता. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. पालकांनी आपसांत पाळ्या ठरवल्या, कुणाची आजी, कुणाचं घरून काम, अशी चार घरं गरजेला मुलाकडे बघायला तयार असतात. आणि आम्ही कबूल केलं की खरं सांगणाऱ्यावर कुणी बोट दाखवणार नाही. ग्रुपवर संदेश जातो तो असा: "आज एका मुलाला कांजिण्या निघाल्या आहेत, पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा." नाव नसतं. तीन आठवडे अशासाठी, की लागण झाल्यापासून पुरळ यायला १० ते २१ दिवस लागतात. लपवाछपवी त्यानंतर खूप कमी झाली.

हवा आणि लस

हवेच्या वाटेबद्दल थोडक्यात, कारण तिथे हात धुऊन भागत नाही. गोवराचं मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. लस न घेतलेल्या वस्तीत एक गोवराचा रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी आणि आसपास गोवराची साथ आली, मुलं दगावली, त्यातल्या बऱ्याच जणांची लस राहिलेली होती. खिडक्या उघड्या ठेवा, झोपायच्या गाद्यांत तीन फूट अंतर ठेवा, शेजारच्या दोन मुलांची डोकी उलटसुलट दिशांना ठेवा, याचा खोकल्यासाठी उपयोग आहे. पण गोवराला अडवते ती लस.

गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत, सरकारी दवाखान्यात मोफत. जुलाब आणणाऱ्या रोटाव्हायरसवरच्या लशीचे थेंब सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. २०१६ पासून हे थेंब सरकारी कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आले, आणि त्यातली एक लस आपल्या पुण्यातच तयार होते. न्यूमोनियाच्या एका जिवाणूवरची न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर मोफत झाली. कांजिण्या, 'अ' कावीळ आणि फ्लू यांच्या लशी मात्र खासगीत पैसे देऊन घ्याव्या लागतात. मूल पाळणाघरात जाणार असेल तर त्या तिन्हींबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर घेता येते, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक. आम्ही प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचं कार्ड बघतो, "सगळं झालंय" या शब्दावर थांबत नाही.

मावशींच्या लशींबद्दल मात्र कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. ज्या बाईंना लहानपणी कांजिण्या झाल्या नाहीत, त्यांना चाळिशीत झाल्या तर त्या फार जड जातात. दिवस गेलेल्या मावशींना तर जास्तच जपायला हवं. सीएमव्ही नावाचा विषाणू लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून महिनोन्‌महिने येत राहतो. मुलाला काही होत नाही, पण पोटातल्या बाळाच्या कानांवर आणि मेंदूवर त्याचा परिणाम होऊ शकतो. अशा मावशींकडे आम्ही डायपरचं काम देत नाही. मुलाचा उष्टा घास खायचा नाही, त्याच्या चमच्याने चव बघायची नाही, हेही सांगतो. हे सांगणं अवघड जातं, कारण उरलेला वरणभात आपल्या तोंडात टाकणं ही मायेची सवय असते.

शेवटी आमच्या फोनशेजारी भिंतीवर चिकटवलेल्या कागदाबद्दल. त्यावर कुठल्या वेळी थांबायचं नाही ते लिहिलं आहे. जुलाबात: डोळे खोल गेलेत, तोंड कोरडं आहे, सहा तासांत शू झालेली नाही, मूल मलूल आहे, पाणी पीत नाही. शीत रक्त. पाजलेलं सगळं उलटून पडतंय. खोकल्यात: मूल शांत असताना पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच दवाखाना. जुलाब सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोहोचेपर्यंत ओआरएस, चमच्या-चमच्याने. कागदाच्या खाली बालरोगतज्ज्ञांचा नंबर आहे, आणि त्याच्या बाजूला खिळ्याला सेकंदकाटा असलेलं एक जुनं घड्याळ टांगलेलं आहे, श्वास मोजायला.